३४१२ गाणी

दुकानातल्या ताईंनी आयपॉड कानाला लावला. गाणं ऐकायला नव्हे, हेडफोन तर टेबलावरच पडला होता. डोळे मिटून त्या आतल्या डिस्कचा आवाज ऐकत होत्या. मिनिटभराने म्हणाल्या, "टकटक नाही येत. डिस्क चांगली आहे, काका." माझा जीव भांड्यात पडला.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, जिना चढून गेल्यावर त्यांचं जेमतेम दहा बाय दहाचं दुकान आहे. शेजारच्या टेबलावर एक मुलगा कसल्याशा बोर्डाला डाग देत होता आणि सोल्डरच्या राळेचा जळका, गोडसर वास खोलीभर होता. आमच्या अण्णांच्या खोलीला हाच वास असायचा. टेपरेकॉर्डरची तुटलेली वायर ते स्वतःच जोडायचे, दुकानात न्यायला त्यांना आवडत नसे.

अण्णा गेले आणि चार महिन्यांत त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. त्यातली गाणी गेली ती गेलीच. उरला तो त्यांचा १६० जीबीचा आयपॉड. नवा लॅपटॉप घेतला आणि दोन्ही घेऊन घराजवळच्या एका दुकानात गेलो. वायर जोडताच पडद्यावर आयट्यून्स या गाण्यांच्या प्रोग्रामचा प्रश्न आला: हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, तो पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का? नव्या लॅपटॉपची लायब्ररी कोरी. कोऱ्या लायब्ररीशी मेळ घालायचा, म्हणजे आयपॉडही कोरा करायचा. दुकानदाराचं बोट माउसवर होतं. मी त्याचा हात धरला आणि आयपॉड घेऊन तापकीर गल्ली गाठली.

कॉम्प्युटरकडून प्लेअरकडे गाणी सरळ जातात, प्लेअरकडून परत मात्र, आयट्यून्सवरून विकत घेतलेली सोडली तर, येत नाहीत. ही रचना मुद्दाम केलेली. २००१ च्या ऑक्टोबरात पहिला आयपॉड आला तेव्हा गाण्यांच्या चोरीची चर्चा जोरात होती, त्याच्या वेष्टनावरच 'संगीत चोरू नका' अशी सूचना होती. चोरीची भीती मला समजते. पण ज्याने स्वतःच्या सीडी आणि कॅसेटी वर्षानुवर्षं बसून उतरवल्या, त्याच्यासाठीही परतीचं दार बंद ठेवावं, हे मला पटत नाही.

दार बंद असलं तरी भिंतीमागे गाणी आहेत, हे तापकीर गल्लीतल्या ताईंना ठाऊक होतं. त्यांनी आधी आयपॉडची माहिती उघडून आकडा वाचला आणि कागदावर लिहिला. "तीन हजार चारशे बारा. एवढी आली पाहिजेत." मग बटणं दाबून आयपॉड डिस्क मोडमध्ये नेला आणि विंडोजमध्ये लपवलेले फोल्डर दिसतील अशी सेटिंग केली. एक फोल्डर उघडला. त्याच्या आत एफ-शून्य-शून्य, एफ-शून्य-एक असे ओळीने पन्नास फोल्डर, आणि प्रत्येकात चार-चार अक्षरांच्या अर्थहीन नावांच्या फायली. कुमार गंधर्व कुठे, किशोरीताई कुठे, काही कळेना. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "नाव फाईलवर नसतं काका, फाईलच्या पोटात असतं."

एमपीथ्रीच्या आत गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव भरून ठेवायला जागा असते. त्यालाच टॅग म्हणतात. अण्णांनी ती नावं एकेक करून टाइप केली होती, रागासकट. नक्कल व्हायला दुपार गेली. मग सगळ्या फायली नव्या लायब्ररीत घेतल्या आणि बघता बघता मालकंस, भूप, तोडी आपापल्या जागी जाऊन बसले.

मोजणी केली. फायली तीन हजार चारशे बारा, पण नावानिशी आलेल्या ३३८९. तळाशी २३ फायली तशाच चार अक्षरांच्या.

त्या वेव्ह फायली होत्या. आयट्यून्स वेव्हच्या पोटात नाव लिहीत नाही, आपल्या यादीत ठेवतं. आणि त्या यादीतही अण्णांनी या फायलींना नुसते आकडे दिले होते. दुसऱ्या कुणी 'ऐकून घ्या घरी' म्हणून वाटेला लावलं असतं. ताईंनी एक फाईल लावली. खरखर, मग टाळ, पखवाज, पुरुषांचे एकत्र आवाज. आमच्या गावच्या देवळातलं भजन. अण्णांनी ते कधीतरी कॅसेटवर धरलं होतं, एवढंच मला सांगता आलं.

"हा काकडा आहे," त्या म्हणाल्या. "कार्तिकातला. माझे आजोबा रोज पहाटे जायचे."

शेजारच्या मुलाने डाग द्यायचा थांबवला. त्या एकेक फाईल लावत गेल्या, दहा-पंधरा सेकंद ऐकून नाव टाइप करत गेल्या. ही भूपाळी. हा वासुदेव. हे आंधळे-पांगुळ. ही गौळण. एका ठिकाणी अडल्या, दोनदा ऐकलं, मान हलवली, पुढे गेल्या. माझ्याच गावचं भजन मला त्यांच्या तोंडून कळत होतं. शेवटी नावांमागे क्रमांक घालून पहाटेच्या क्रमाने सगळं लावून दिलं. अडलेली एक फाईल तेवढी तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "हे गावातल्या कुणा म्हाताऱ्यांना विचारा. माझ्या मनाने नाव घालणार नाही."

कागदावरच्या आकड्याखाली त्यांनी पुन्हा लिहिलं, ३४१२, आणि रेघ मारली.

आयपॉड बनवणं कंपनीने २०२२ च्या मे महिन्यात थांबवलं. कपाटांत मात्र ते पुष्कळ पडून असतील, आणि जुन्या मोठ्या आयपॉडांत १.८ इंचांची फिरती डिस्क असते, ती कायमची टिकत नाही. तुमच्या घरी असा एखादा असेल तर या आठवड्यात चार्ज करा. नव्या कॉम्प्युटरने पुसायचं का असं विचारलं तर नाही म्हणा. आधी आकडा लिहून घ्या, लपवलेल्या फोल्डरची अख्खी नक्कल दोन ठिकाणी करा, आणि गाणी मोजून मगच वायर काढा.