फोन लागत नाही तेव्हा पोलीस कशावर बोलतात?



नोकरीसाठी आखातात गेलेली मुलं-नातवंडं आपल्या ओळखीत असतातच. 2023 मध्ये अबुधाबीच्या सादियात बेटावर मोझेस बेन मैमन सिनेगॉग उघडलं, तेव्हापासून तिथे फिरायला जाण्याचा विचार करणारेही वाढले. त्यामुळे तिकडची काही वाईट बातमी टीव्हीवर आली की आपला हात आधी फोनकडे जातो.

16 एप्रिल 2024 ला असंच झालं. अबुधाबी अमिरातीत अल-ऐन शहराजवळ खत्म अल-शकला नावाच्या ठिकाणी चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस कोसळला. 1949 पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस त्या देशात कधी झाला नव्हता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा लहान वाटेल. पण जिथे वर्षभरातही इतका पाऊस पडत नाही, तिथे रस्ते बुडाले, गाड्या अडकल्या, विमानं थांबली.

अशा वेळी सगळेच एकदम फोन लावतात, आणि गोची तिथेच होते. मोबाइलचा एक टॉवर एका वेळी ठरावीकच कॉल पेलू शकतो. गणपतीच्या आदल्या दिवशीची कोकणातली एसटी आठवा. गाडी तीच, सीट तेवढ्याच, पण स्टँडवर माणसं दहापट. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत सात स्फोट झाले, त्या संध्याकाळी मुंबईत हेच झालं. टॉवर जागेवर उभे होते, पण माणसाला माणूस लागत नव्हता. 2005 च्या पुरात तर वीजही गेली आणि टॉवरच बंद पडले.

मग पोलीस, अग्निशमन दल आणि अँब्युलन्सवाले अशा वेळी एकमेकांशी बोलतात कसे? त्यांचं रेडिओचं जाळंच वेगळं असतं. त्यात तुमचा-आमचा फोन शिरू शकत नाही.

पोलिसांचा जुना वायरलेस आपण पाहिलेला आहे. खरखर, मग आवाज, आणि शेवटी "ओव्हर". त्याच्याच पुढच्या पिढीला टेट्रा म्हणतात. युरोपात 1995 च्या सुमारास त्याचे नियम ठरले आणि आज अनेक देशांचे पोलीस ते वापरतात. अमिरातींतही हीच पद्धत आहे. दुबईत हे जाळं चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं नावच "नेदा" आहे. अरबीत त्याचा अर्थ हाक.

टेट्राच्या पूर्ण नावात "ट्रंक" हा शब्द येतो. आपल्या पिढीला तो सांगायला नको! ट्रंक कॉल बुक करून आपण तासन्‌तास वाट पाहिलेली आहे. लांब पल्ल्याच्या तारा मोजक्या, गिऱ्हाइकं पुष्कळ; जी तार मोकळी होईल ती ऑपरेटर पुढच्या माणसाला द्यायचा. टेट्रातही तसंच, फक्त ऑपरेटरच्या जागी संगणक आहे आणि जोडणी अर्ध्या सेकंदाच्या आत होते. पूर्वी प्रत्येक खात्याचा वायरलेस वेगळ्या चॅनेलवर असे. एकाचा रिकामा पडे, दुसऱ्याचा तुंबे. आता सगळे चॅनेल सामाईक असतात.

याची चार वैशिष्ट्यं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

एक, बटण दाबून बोललं की पूर्ण गट ऐकतो. वीस जणांना वीस फोन करावे लागत नाहीत.

दोन, प्रत्येक सेटवर संकटाचं बटण असतं. ते दाबलं की बाकीची साधी बोलणी बाजूला सारून त्या माणसाचा आवाज आधी पोचवला जातो.

तीन, टॉवर बंद पडला तरी जवळजवळचे दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात. तळघरात शिरलेल्या अग्निशमन जवानासाठी हे फार मोलाचं.

चार, बोलणं सांकेतिक रूपात जातं, त्यामुळे बाहेरच्याला चोरून ऐकणं कठीण.

वेगळं जाळं असलं तरी सगळी खाती एकाच जाळ्यात हवीत. हा धडा न्यूयॉर्कने फार मोठी किंमत देऊन घेतला. 11 सप्टेंबर 2001 ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याची अवस्था दिसत होती, पण पोलिसांचा रेडिओ वेगळा आणि अग्निशमन दलाचा वेगळा. वरून दिलेला इशारा आतल्या जवानांपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जण गेले. पुढे 2012 मध्ये अमेरिकेने कायदा करून सर्व खात्यांसाठी एकच जाळं उभारायला घेतलं.

टेट्राला मर्यादाही आहे. आवाज आणि छोटे निरोप त्यावर उत्तम जातात, व्हिडिओ जात नाही. म्हणून आता त्याच्या जोडीला मोबाइलसारखं वेगवान पण राखीव जाळं बसवलं जात आहे.

हे सगळं आपल्याला कशाला हवं? कारण मदत करणाऱ्यांचं जाळं कितीही पक्कं असलं, तरी त्यांना पहिली खबर आपल्या साध्या फोनवरूनच मिळते. आपण उगाच फोन करत राहिलो तर खऱ्या गरजवंताचा कॉल अडतो.

म्हणून मोठं संकट आलं की घरातल्या एकानेच फोन लावावा, बाकीच्यांनी त्याच्याकडून खबर घ्यावी. कॉलपेक्षा मेसेज बरा; गर्दीतही तो वाट काढतो. अमिरातींत व्हॉट्सअॅपवरून बोलण्यावर बंधनं आहेत, मेसेज मात्र जातो. तेव्हा कॉल लागला नाही म्हणून लगेच घाबरू नका. मुंबईतून 999 फिरवून अबुधाबीचे पोलीस मिळत नाहीत. मुलाच्या शेजाऱ्याचा किंवा ऑफिसचा नंबर आजच मागून घ्या.

खालचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

अमिराती: पोलीस 999, अँब्युलन्स 998, आग 997.
भारत: सगळ्यांसाठी 112. महाराष्ट्रात अँब्युलन्स 108.
इस्राएल: पोलीस 100, अँब्युलन्स 101, आग 102.

इथे एक घोळ होतो, तो सांभाळा. आपल्याकडे 101 म्हणजे फायर ब्रिगेड आणि 102 म्हणजे अँब्युलन्स. इस्राएलमध्ये बरोबर उलटं. लोद, अश्दोदला मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी हे पाठच करावं.

फोन लागला की आधी पत्ता सांगा, मग काय झालं ते. लाइन तुटली तरी गाडी निघालेली असेल. आणि शब्बाथ आहे म्हणून थांबू नका. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणं, हे शब्बाथच्याही वर आहे.