एका छताखालचे बारा चांदोबा (लेखांक 6)

‘चांदोबा’ हे मुलांचं मासिक का बंद पडलं, असं विचारलं की उत्तर तयारच असतं: टीव्ही आला, मुलांचं वाचन सुटलं. गेल्या लेखांकात वा. गो. आपट्यांच्या ‘आनंद’ या बालमासिकाबद्दल लिहिताना या उत्तराकडे वळण्याची गरज पडली नाही. इथे मात्र ते तपासायला हवं, कारण तपासायला घेतलं की आधी तारखाच जुळत नाहीत. दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं 1987 मध्ये, उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरल्या त्या 1992 च्या सुमारास. ‘चांदोबा’ पहिल्यांदा थांबला तो 1998 मध्ये, आणि थांबला तो मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, हिंदीत एकदमच. वाचक आटल्यामुळे जे मासिक जातं ते असं जात नाही. त्याची पानं कमी होतात, कागद उतरतो, दोन महिन्यांचा मिळून एक जोडअंक निघू लागतो, वर्गणीदारांना विनवणीची पत्रं जातात. इतक्या भाषांमधली मुलं एकाच महिन्यात वाचायची थांबली, यावर कुणाचा विश्वास बसेल? जे थांबलं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते समजायचं तर हे मासिक तयार कसं होत होतं इथपासून सुरुवात करावी लागते.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने मद्रासमध्ये जुलै 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळ अंक काढले. तेलुगूत ‘चंदमामा’, तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. हिंदी आणि कन्नड अंक 1949 मध्ये आले, मराठी 1952 मध्ये. पुढे गुजराती, इंग्रजी, ओडिया, बंगाली असं करत हा आकडा बारा-तेरा भाषांपर्यंत गेला, संस्कृतसुद्धा सुटली नाही. (बहुतेक भाषांनी चंद्राला मामाच ठेवलं, मराठीने मात्र त्याला विठोबा-खंडोबाच्या रांगेत नेऊन बसवलं.) ही दोन माणसं मुळात सिनेमावाली. ‘मायाबाजार’ काढणारी विजया प्रॉडक्शन्स त्यांचीच. मासिकही त्यांनी स्टुडिओसारखंच चालवलं. चित्रकार पगारी, अनुवादक पगारी, छापखाना स्वतःचा, आणि हे सगळं मद्रासच्या वडपळनी भागातल्या एकाच आवारात. मजकूर बहुतांशी आधी तेलुगूत तयार व्हायचा. 1952 पासून 1980 मध्ये मृत्यू येईपर्यंत कोडवटिगंटि कुटुंबराव हे तेलुगूतले मोठे कथाकार तिथे बसून तो बेतत होते, पण अंकावर त्यांचं नाव नसे. गोष्टींखाली लेखकाचं नाव छापायची रीतच नव्हती. मग तोच मजकूर शेजारच्या टेबलांवर बाकीच्या भाषांत उतरायचा, आणि चित्रं सगळ्यांना तीच.

या व्यवस्थेचा फायदा केवढा होता ते कुठल्याही जुन्या अंकाचं एक पान उघडून पाहावं. विक्रम-वेताळाच्या गोष्टीच्या माथ्यावरचं चित्रकार शंकर यांचं चित्र घ्या: हातात तलवार, खांद्यावरून लोंबणारं प्रेत, भोवती स्मशान, आणि राजाच्या चालीत मात्र कसलीच घाई नाही. मूळ ‘वेतालपंचविंशती’त गोष्टी पंचवीस, इथे ते सदर काही दशकं चाललं, म्हणजे शेकडो नव्या गोष्टी त्या एकाच चौकटीत बसवल्या गेल्या आणि दर महिन्याला प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकलं. शंकर, चित्रा, एम. टी. व्ही. आचार्य, मुखपृष्ठं करणारे वड्डादि पापय्या, असे चित्रकार एकट्या मराठी मासिकाला पदरी ठेवणं परवडलंच नसतं. बारा भाषांत खर्च विभागला गेला म्हणून सांगली-परभणीच्या मुलाला ते काही आण्यांत मिळाले. किंमत मोजावी लागली ती वेगळ्या नाण्यात. चित्रांतली देवळं गोपुरांची, घरं दक्षिणी ओसऱ्यांची, राजे दक्षिणी दागिन्यांनी मढलेले. मराठी शुद्ध, पण जरा परक्या घरात वाढलेली; कोपऱ्यावरच्या पोराने कधी बोलली नसती अशी. मला हा दोष वाटत नाही. गोष्टीतलं राज्य कुठलंच नसावं लागतं, आणि त्या किंचित परकेपणाने ते काम आपोआप झालं. पण एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी: मराठी ‘चांदोबा’ला महाराष्ट्रात स्वतःचं संपादकीय घर नव्हतं. इथे त्याचे वाचक होते, विक्रेते होते. मासिक ठरत होतं, लिहिलं जात होतं आणि छापलं जात होतं मद्रासला.

म्हणून 1998 मध्ये जेव्हा कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात वाद होऊन वडपळनीचं काम थांबलं, तेव्हा एकच यंत्र बंद पडलं आणि बारा दिवे विझले. मराठी आवृत्तीची पुण्या-मुंबईत वेगळी कचेरी असती, तिला मूळ मजकुराचा हक्क असता, तर ती दुसऱ्या छापखान्यात जाऊन निदान लंगडत का होईना चालली असती. तशी सोयच कधी केली गेली नव्हती, कारण चांगल्या दिवसांत तिची गरज नव्हती. डिसेंबर 1999 मध्ये नव्या भांडवलाच्या जोरावर अंक पुन्हा निघाले खरे, पण मुलांच्या मासिकाला वर्षभराचा खंड म्हणजे काय, हे मोठ्यांच्या हिशेबाने मोजून चालत नाही. नऊ वर्षांचा वाचक मध्यंतरी दहा-अकराचा होतो, त्याची आवड पुढे सरकते, आणि त्याच्या मागून येणाऱ्या धाकट्या भावंडाच्या हाती ते मासिक पडतच नाही. मोठा वाचक खंडानंतर परत येतो. मुलांच्या बाबतीत परत यायला तोच वाचक शिल्लक नसतो. स्टॉलवाल्यानेही तेवढ्यात ती जागा दुसऱ्या कशाला तरी दिलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की टीव्हीला मी फारच सहज सोडून दिलं. तसं नाही. पुराणकथा सचित्र पाहायच्या तर ‘चांदोबा’, हा त्याचा मक्ता ‘रामायण’-‘महाभारत’ मालिकांनी मोडला, आणि ज्या गोळ्या-बिस्किटांच्या जाहिरातींना पूर्वी मुलांपर्यंत पोचायला अशा मासिकांचाच रस्ता होता त्यांना पडद्यावर थेट वाट मिळाली. मराठी शाळांतून इंग्रजी माध्यमाकडे जाणारी मुलं, हेही खरं कारण आहे. त्याचा परिणाम प्रादेशिक आवृत्त्यांवर झाल्याशिवाय राहणार नव्हता. ‘चांदोबा’ अशक्त झाला होता, यात वाद नाही. पण हीच साथ बाकीच्यांनाही आली होती. 1980 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेलं ‘टिंकल’ तीतून वाचलं, दिल्लीचं ‘चंपक’ वाचलं, आणि बालभारतीने 1971 पासून चालवलेलं ‘किशोर’ आजही निघतं. ‘किशोर’ला सरकारी मंडळाचा आधार आहे, तेव्हा ही तुलना बरोबरीची नाही, असं कुणी म्हणेल. ते मान्य आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. ‘किशोर’ची मुलं टीव्ही न पाहणारी नव्हती. त्याच्या मागे उभी असलेली संस्था एका वादाने किंवा एका मालकाच्या हिशेबाने कोसळणारी नव्हती, एवढाच फरक. आजारी माणूस कुठल्या घरात आहे, यावर तो उठतो की नाही हे पुष्कळसं ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे: राजे, ब्राह्मण, राक्षस आणि जमीनदार यांत अडकलेलं मासिक जुनाट झालं होतं, ते बदलायलाच हवं होतं. जुनाटपणाचा आरोप मी पूर्ण नाकारत नाही. त्यातल्या मुली बहुधा कुणाच्या तरी बक्षिसात मिळायच्या, हे आज वाचताना खुपतं. पण बदल झाला नाही असं नाही. 2007 मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने ‘चंदमामा’ विकत घेतलं, आणि त्यानंतर अंकाचं रूप पालटलं: चकचकीत मांडणी, तंत्रज्ञान, खेळ, आजच्या काळातल्या गोष्टी. अडचण अशी की या सगळ्यात ‘चांदोबा’नेच द्यावं असं काही नव्हतं. संगणकाची माहिती दुसरीकडे जास्त ताजी मिळत होती. स्मशानातून सावकाश चालणारा तो राजा मात्र दुसरीकडे कुठेच नव्हता. जुन्या वाचकाने नव्या अंकात आपलं मासिक शोधलं आणि नव्याने आपल्यासाठी काही शोधलं, दोघांच्याही हाती फारसं लागलं नाही. एखाद्या खानावळीची पुरणपोळी प्रसिद्ध असावी आणि तिने नूडल्स ठेवायला घ्यावेत, तसंच हे.

शेवट तर वाचकांशी काहीएक संबंध नसलेल्या कारणाने आला. जिओडेसिकला परकीय चलनातले रोखे फेडता आले नाहीत, 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला, आणि अंक तर त्याआधीच थांबले होते. पुन्हा तेच: भाषा अनेक, मालक एक, आणि मालकाच्या दुसऱ्याच धंद्यातलं कर्ज बालमासिकाच्या मुळावर आलं. त्यातली चुटपुट लावणारी गोष्ट पुढची आहे. नव्या मालकांनी एक काम खरोखर चांगलं केलं होतं. जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवले होते. 2016 मध्ये त्या संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण कुणी केलं नाही, आणि तोही खजिना दिसेनासा झाला, कारण तोसुद्धा एकाच जागी ठेवलेला होता. आज जुना ‘चांदोबा’ वाचायचा तर तो वाचकांनी आपापल्या घरचे अंक स्कॅन करून ठेवले आहेत त्यांतून वाचावा लागतो. एखादं पान वाकडं आलेलं, कडेला वाळवीची भोकं, मुखपृष्ठावर कुणा मुलाने शाईने घातलेलं स्वतःचं नाव आणि इयत्ता.