पाण्याखालची शून्यं

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, स्टर्लिंग ग्रंथालयासमोर, ग्रॅनाइटचं एक लंबगोल टेबल आहे. त्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा अखंड वाहत असतो आणि त्याखाली, उगमापासून गोल गोल बाहेर सरकत जाणारे आकडे कोरलेले दिसतात. कोणत्या वर्षी इथे किती मुली शिकत होत्या, त्याचे. ओल्या दगडावर बोट फिरवत निघालं, की आधी लागतात ती शून्यं. शून्य, शून्य, शून्य. संपतच नाहीत! १९९३ मध्ये माया लिननं हे घडवलं. तीही इथलीच विद्यार्थिनी.

त्या शून्यांच्या काळातली लुसिंडा फूट माझ्या मनातून जात नाही. १७८३ मध्ये येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी या बारा वर्षांच्या मुलीची लॅटिन-ग्रीकची परीक्षा घेतली आणि दाखला लिहून दिला: सर्व बाबतींत पात्र, अडचण एवढीच की ती मुलगी आहे.

पदवीचं दार उघडायला १९६९ उजाडलं. सुमारे ५७५ मुली आल्या, त्याही बारा वसतिगृहांत विखुरलेल्या. शिवाय दरवर्षी हजार मुलगे घ्यायचेच, हा शब्द कायम. मुलींना उरलेल्या जागा. पहिलं वर्ष सरायच्या आत, फेब्रुवारी १९७० मध्ये, जवळपास चाळीस जणी माजी विद्यार्थ्यांच्या भरल्या पंगतीत शिरल्या आणि ही अट काढा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. अट सुटली १९७२ च्या अखेरीस.

त्याच वर्षी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही. पण हूसाटोनिक नदीकाठच्या येलच्या बोटहाउसमध्ये गरम पाण्याचे शॉवर मुलांनाच. त्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत होड्या वल्हवून आलेल्या मुली भर थंडीत, निथळत्या कपड्यांनी बसमध्ये कुडकुडत बसायच्या. ३ मार्च १९७६ ला मुलींच्या नौकानयन संघाच्या कर्णधार क्रिस अर्न्स्टसह एकोणीस जणी क्रीडा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. पाठीवर, छातीवर निळ्या शाईत ‘टायटल नाइन’! तशाच उभं राहून क्रिसनं निवेदन वाचलं. सोबत आणलेल्या वार्ताहरामुळे बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’पर्यंत पोचली.

त्याच उन्हाळ्यात माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं नौकानयन पहिल्यांदा आलं. आठ जणींच्या शर्यतीत अमेरिकेला कांस्यपदक मिळालं. त्या होडीत अ‍ॅन वॉर्नर होती, बसमध्ये कुडकुडणाऱ्यांपैकीच एक.