सोन्याच्या खाणीचा शेअर आणि उसाचा नमुना



पहिल्या हप्त्याचे बिल बँकेत जमा झाले की गट-ऑफिसात दोन-चार दिवस गर्दी असते. कुणाला वजनाची पावती जुळवायची असते, कुणाला कपातीचा हिशेब समजून घ्यायचा असतो. गेल्या महिन्यात त्या गर्दीत आपले एक जुने सभासद आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. बरोबर थोरला मुलगा, आणि मुलाच्या मोबाईलवर एका परदेशी सोन्याच्या खाणीची जाहिरात.

"साहेब, पोरगं म्हणतंय, ट्रॅक्टरचा हप्ता जरा पुढं ढकलू आन् ह्यात पैसं घालू. शेअर पंचवीस-तीस रुपायाला मिळतोय म्हणं. सोनं तर रोज चढतंय. मग ह्यात बुडायचं कसं?"

प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले ते थोडे विस्ताराने इथे देत आहे.

पहिली गोष्ट ही, की छोट्या सोनेखाण कंपनीचा शेअर म्हणजे सोने नव्हे. बहुतेकदा तो खाणीचाही शेअर नसतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारांत अशा शेकडो छोट्या कंपन्या आहेत. त्यांच्याजवळ जमिनीत शोध घेण्याचा परवाना असतो, दोन-चार भूगर्भतज्ज्ञ असतात आणि भाड्याने आणलेले बोअरचे यंत्र असते. विकायला माल नसतो, म्हणून उत्पन्नही नसते. पगार, बोअर, प्रयोगशाळा हा सगळा खर्च नवे शेअर विकून भागवायचा. पैसे संपले की आणखी शेअर काढायचे. आज कंपनीत तुमचा शंभरावा हिस्सा असेल तर तीन वर्षांनी तो तीनशेवा झालेला असतो, आणि तुम्ही मात्र एकही शेअर विकलेला नसतो! अशा शोधांपैकी प्रत्यक्ष खाणीपर्यंत फार थोडे पोचतात.

सोन्याचा भाव चढला की खाणीचा शेअर त्याहून जोरात चढतो, हे खरे आहे. समजा सोने काढायला १५०० खर्च येतो आणि विक्री २००० ला होते, तर नफा ५००. भाव दहा टक्क्यांनी वाढून २२०० झाला तर नफा ७०० होतो, म्हणजे चाळीस टक्के वाढ. उतरताना हाच हिशेब उलटा चालतो. पण हे झाले चालू खाणीचे. जिथे अजून एक ग्रॅमही निघालेला नाही तिथे भाव ठरतो तो नुसत्या आशेवर. आणि ती आशा उभी असते नमुन्यावर.

इथे आपल्याला परक्या माणसाने काही शिकवायची गरज नाही. तोडीचा प्रोग्रॅम लावण्याआधी शेतकी खात्याचा माणूस प्लॉटमध्ये येतो, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो आणि ब्रिक्स बघतो. बांधाकडेचा ऊस घेऊ नये, आत शिरून चार ठिकाणचा घ्यावा, शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस वेगळा तपासावा, हे आपण जाणतो. नमुना कुठला आणि कुणी घेतला यावर आकडा ठरतो. आता असे समजा, की त्या थेंबात कुणी साखरेचा कण टाकला. यंत्र खोटे बोलणार नाही. ते बरोबर आकडा दाखवील, पण तो आकडा त्या उसाचा नसेल.

सोन्यात हे किती सोपे आहे ते पाहा. एक टन उसातून शंभर-सव्वाशे किलो साखर निघते. एक टन दगडातून एक-दोन ग्रॅम सोने निघाले तरी मोठ्या उघड्या खाणीला ते परवडू शकते. म्हणजे दहा ग्रॅमचा तोळा करायला पाच ते दहा टन दगड फोडून दळावा लागतो. समजा टनाला तीन ग्रॅमचा उतारा दाखवायचा आहे, तर दहा किलोच्या नमुन्याच्या पिशवीत फक्त तीस मिलिग्रॅम सोने टाकले की काम झाले. चिमटीतही नीट धरता येणार नाही इतके!

हे नुसते बोलण्यापुरते नाही. असे घडलेले आहे, आणि तेही जगभर गाजेल एवढ्या प्रमाणात. कॅनडातील कॅलगरी शहरात ब्रे-एक्स नावाची छोटी कंपनी होती. (नाव आपल्या ब्रिक्ससारखे वाटते, संबंध काही नाही.) डेव्हिड वॉल्श हे तिचे प्रवर्तक. १९९३ साली कंपनीने इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या घनदाट जंगलात बुसांग नावाची जागा घेतली. शेअर तेव्हा काही सेंटांना मिळत होता. जॉन फेल्डरहोफ हे भूगर्भशास्त्रज्ञ शोधाचे प्रमुख होते, आणि प्रत्यक्ष जागेवरचे काम मायकेल डी गुझमान पाहत. बोअरमागून बोअर झाले आणि प्रत्येक अहवालात सोने वाढतच गेले. १९९७ च्या फेब्रुवारीत आकडा ७ कोटी १० लाख औंसांवर पोचला. आपल्या भाषेत सुमारे २,२०० टन. कोलारच्या खाणींनी २००१ साली बंद होईपर्यंत, सुमारे १२० वर्षांत, ८०० टनांच्या आसपास सोने दिले. त्याच्या अडीचपटीहून जास्त सोने एका छोट्या कंपनीला चार वर्षांत कागदावर सापडले होते.

शेअरचे काय झाले? १९९६ च्या मे महिन्यात एका शेअरचे दहा केले गेले. त्या आधीच्या एका शेअरच्या हिशेबाने त्या वर्षी भाव २८० कॅनेडियन डॉलरच्या वर गेला होता. कंपनीची बाजारातली किंमत ६०० कोटी डॉलरवर गेली. मोठमोठ्या खाण कंपन्या भागीदारीसाठी धडपडू लागल्या. अल्बर्टा प्रांतातील सेंट पॉल हे आपल्यासारखेच शेतीवर जगणारे छोटे गाव, तिथे घरोघरी याच शेअरची चर्चा. ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानेही पैसे घातले. एवढे शहाणे लोक आत आहेत म्हणजे कुणीतरी तपासले असेलच, असे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून म्हणत होता.

तपासायला काय हवे होते? बोअरमधून दगडाचा जो लांब दांडा निघतो तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेला पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, ही खाणधंद्यातली रीत. उद्या कुणी शंका घेतली तर दुसरा अर्धा हजर पाहिजे. बुसांगला जवळजवळ सगळा दांडा दळून टाकत होते. सोन्याचे कण मोठे आहेत, म्हणून नमुना मोठा लागतो, असे कारण दिले गेले. ते ऐकायला शास्त्रीय वाटले आणि लोकांनी मानले. दळलेल्या पिशव्या प्रयोगशाळेत पोचायच्या आधी त्यांत नदीच्या वाळूतले सोने मिसळले जात होते. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले. समोर आलेल्या पिशवीतले सोने तिने मोजून दिले.

१९९७ च्या जानेवारीत बुसांगच्या तळावर आग लागली आणि कागदपत्रे जळाली. मग फ्रीपोर्ट-मॅक्मोरान ही मोठी अमेरिकन कंपनी भागीदार म्हणून आली आणि तिने जुन्या बोअरच्या शेजारीच, दीड-दोन मीटरवर, स्वतःचे बोअर घेतले. १९ मार्चला डी गुझमान बुसांगकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधून खाली जंगलात पडून मेले. २६ मार्चला फ्रीपोर्टने जाहीर केले, की सोने नगण्य आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात शेअर सुमारे ८० टक्क्यांनी कोसळला. मेच्या सुरुवातीला स्ट्रॅथकोना या स्वतंत्र संस्थेचा अहवाल आला: नमुन्यांत फेरफार झाला आहे आणि बुसांगला खाणीलायक सोने नाही. शेअर काही सेंटांवर आला आणि बाजारातून काढला गेला.

शिक्षकांच्या फंडाचे सुमारे १० कोटी डॉलर गेले. फंड मोठा, तो सावरला. घर गहाण टाकून शेअर घेतलेल्या माणसाचे काय झाले असेल ते सांगायला नको. वॉल्श १९९८ साली वारले. फेल्डरहोफ यांनी १९९६ मध्ये ८.४ कोटी डॉलरचे शेअर विकले होते. त्यांच्यावर खटला चालला, पण फसवणुकीची त्यांना माहिती होती हे सिद्ध झाले नाही आणि २००७ साली ते निर्दोष सुटले. सोने कुणी मिसळले याबद्दल कोर्टात कुणालाही शिक्षा झाली नाही.

यानंतर कॅनडाने २००१ पासून नियम कडक केला. सोन्याचा आकडा जाहीर करायचा तर पात्र तज्ज्ञाच्या सहीचा तांत्रिक अहवाल हवा, आणि तो कुणालाही वाचता आला पाहिजे. नियम चांगला आहे. तरीही अहवालातले सोने आणि परवडणारे सोने यांत वीज, पाणी, रस्ता, परवाने असे पुष्कळ अंतर उरतेच.

सगळ्याच छोट्या कंपन्या लबाड असतात, असा अर्थ कुणी काढू नये. खुद्द कोलारचीच गोष्ट घ्या. १८८० च्या दशकात म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले होते, काम बंद करावे असे भागधारक म्हणू लागले होते. उरलेल्या पैशात शेवटचा प्रयत्न झाला आणि चँपियन रीफचा थर लागला. पण त्याच सुमारास वायनाड भागात, देवाला-पंढलूरकडे सोन्यासाठी लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या होत्या. थोड्याच वर्षांत त्या बुडाल्या. लंडनच्या भागधारकाला त्या वेळी कोलार आणि वायनाड दोन्ही सारखेच दिसत असणार.

तात्यांच्या मुलाला मी एवढेच सांगितले, की कंपनीला दोन ओळी लिहून विचार. दांड्याचा दुसरा अर्धा ठेवला आहे का, आणि तुमच्याशी संबंध नसलेल्या कुणी तो पुन्हा तपासला आहे का? हातात रोख किती महिन्यांची आहे? आजवर एकूण शेअर किती काढले, आणि संचालकांनी स्वतःचे किती विकले? शिवाय ज्या मोबाईल गटातून ही टीप आली, तो चालवणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक माग. आणि ट्रॅक्टरचा हप्ता आधी भर. जे पैसे पूर्ण गेले तरी पुढच्या हंगामाचे बेणे, खत आणि सोसायटीचे देणे अडणार नाही, तेवढ्यांचाच विचार कर.

पोरगा जरा नाराज झाला, पण त्याने पत्र पाठवले. टीप देणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारताच त्याने याला गटातून काढून टाकले. कंपनीकडून एक रंगीत माहितीपत्रक आले. त्यात डोंगराचे छान छायाचित्र आहे. दांड्याबद्दलचे उत्तर हा अंक छापायला जाईपर्यंत आलेले नाही.