पेशीला नकोसे झालेले १५ नॅनोमीटर

काचेच्या पट्टीवर सोन्याचे ठिपके मांडले आहेत. एकेक ठिपका जेमतेम ८ नॅनोमीटरचा. एकाला एक चिकटून लावले तर मिलिमीटरभर जागेत सव्वा लाख बसतील. पण इथे ते चिकटून नाहीत, ठरावीक अंतर राखून आहेत. हे अंतर ५८ नॅनोमीटर असले की वर सोडलेली पेशी छान पसरते आणि घट्ट पकड धरते. तेच ७३ नॅनोमीटर केले की बिनसते: पेशी अंग चोरून राहते, पकड अर्धवट राहते. जर्मनीत योआखिम श्पाट्झ यांच्या गटाने हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हींतला फरक १५ नॅनोमीटरचा. साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतील, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते.

आता जरा हिशेब करू. पसरलेली पेशी १,००० चौरस मायक्रोमीटर जागा व्यापते असे धरू. ठिपके मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेत आहेत. ५८ नॅनोमीटरच्या पट्टीवर पेशीखाली सुमारे ३ लाख ४० हजार ठिपके येतात, ७३ च्या पट्टीवर सुमारे २ लाख १७ हजार. म्हणजे दोन लाखांहून जास्त आधार पायाखाली असताना पेशी म्हणते, इथे काही जमणार नाही!

मग ठिपके कमी पडले म्हणून असे झाले का? ही शंका संशोधकांनाही आली. पुढच्या प्रयोगांत त्यांनी ठिपक्यांचे छोटे छोटे पुंजके केले आणि मधली जागा कोरी ठेवली. एकूण ठिपके घटले, पण पुंजक्याच्या आतले अंतर जवळचेच राहिले, तर पेशी खूश. संख्येपेक्षा शेजार महत्त्वाचा निघाला. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात, तीच तिची पकड. त्यांचे डोके सुमारे १० नॅनोमीटरचे, त्यामुळे एका ठिपक्यावर एकच इंटिग्रिन मावते. पकड पक्की व्हायची तर अनेक इंटिग्रिन जवळजवळ यावी लागतात, म्हणजे आतून त्यांना जोडणारी प्रथिने त्यांची मोळी बांधू शकतात. अंतर वाढले की मोळी सुटते.

शरीरात पेशींखाली अर्थातच सोन्याचे ठिपके नसतात, कोलॅजन असते. त्याचा एक रेणू ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. असे रेणू एकमेकांपासून थोडे सरकवून रचले जातात आणि तयार झालेल्या तंतूवर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा उमटतो. ५८ आणि ७३ च्या जवळजवळ मधोमध! यात अर्थ शोधायचा मोह होतो, पण दोन आकडे शेजारी आले म्हणून ते नात्यातले ठरत नाहीत, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

पेशींना टेकायला काहीतरी लागते, ही गोष्ट तशी जुनी. येल विद्यापीठातल्या रॉस हॅरिसन यांनी १९१४ मध्येच भ्रूणातल्या पेशी कोळ्याच्या जाळ्यावर वाढवल्या होत्या. पेशी धाग्याचा आधार घेऊन त्याच्या कडेने सरकताना त्यांना दिसल्या. आज तो धागा आपण स्वतः काढतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे शरीराला चालणारे प्लॅस्टिक द्रावणात विरघळवायचे, सुईतून हळूहळू सोडायचे आणि सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब द्यायचा. सुईच्या टोकाशी थेंब ओढला जाऊन शंकूसारखा होतो, त्याच्या टोकातून बारीक धार सुटते आणि हातभराच्या आत वळवळत, गरगरत इतकी ताणली जाते की समोरच्या पत्र्यावर पोचेपर्यंत तिचा सुका तंतू झालेला असतो. ही धार वाटेत फुटून तिच्या अनेक धारा होतात असेच आधी वाटायचे, कारण डोळ्यांना तसेच दिसते. वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवले की धार एकच आहे, फक्त चाबकासारखी भिरभिरते.

हा तंतू २०० नॅनोमीटर जाडीचा धरा. माणसाचा केस ८० मायक्रोमीटरचा मानला तर त्याचा चारशेवा भाग. एक ग्रॅम पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा असा सलग तंतू काढला तर लांबी भरते सुमारे २८,००० किलोमीटर. दीड ग्रॅमपेक्षाही कमी मालात विषुववृत्ताला वळसा पुरा होतो. मला मात्र लांबीपेक्षा क्षेत्रफळाचे नवल जास्त वाटते, कारण पेशीला लांबीशी काही देणेघेणे नसते, तिला टेकायला जागा हवी. त्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १८८ चौरस फूट होतो. मुंबईच्या बीडीडी चाळीतली १६० फुटांची खोली याहून लहान! आणि शरीरात गेल्यावर ही जागा कायमची अडून राहत नाही. पाण्याशी हळूहळू प्रक्रिया होऊन दोन-तीन वर्षांत हे प्लॅस्टिक विरत जाते. तोवर पेशींनी स्वतःचे कोलॅजन विणून घ्यावे अशी अपेक्षा.

जागेइतकाच तिचा पोतही बोलतो. ग्लासगोच्या मॅथ्यू डाल्बी यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये प्लॅस्टिकवर १२० नॅनोमीटर रुंदीचे खड्डे कोरून घेतले, एकमेकांपासून ३०० नॅनोमीटरवर. हिशेबाने चौरस सेंटीमीटरला १११ कोटी खड्डे होतात. (रस्त्याच्या कंत्राटदारांच्या कानावर हे जाऊ नये.) खड्डे काटेकोर रांगेत असताना अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींनी हाड बनवण्यात फारसा रस दाखवला नाही; पुरते विस्कटलेले असतानाही नाही. पण रांगेतला प्रत्येक खड्डा जास्तीत जास्त ५० नॅनोमीटर इकडेतिकडे सरकवला तेव्हा त्याच पेशी, कोणतेही खास रसायन न घालता, हाडाच्या वाटेला लागल्या.

इथवरचे आकडे वाचून प्रयोगशाळेत आता यकृत पिकणार, मूत्रपिंड पिकणार अशा बातम्या सुचतात. त्या लिहिणाऱ्यांनी पुढची वजाबाकी करून पाहावी.

पेशी १० मायक्रोमीटरची धरली तर एका घन सेंटीमीटरमध्ये १०० कोटी पेशी मावतात. भोवतालच्या द्रवातून नुसता झिरपणारा प्राणवायू ऊतीत १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पुरतो. सढळ हाताने २०० धरू आणि सहाही बाजूंनी द्रव खेळता ठेवू. एक सेंटीमीटरच्या ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूने ०.२ मिलिमीटर सोलून काढले तर आत ९.६ मिलिमीटरचा ठोकळा उरतो आणि त्याचे घनफळ मूळच्या ८८ टक्के भरते. म्हणजे १०० कोटींपैकी ८८ कोटी पेशी गुदमरणार, आणि तंतू नॅनोमीटरपर्यंत अचूक असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. शरीराने यावर रक्तकेशिकांचे जाळे विणले आहे. तसे जाळे जाडसर ऊतीत सर्वदूर पोचवणे, हे काम अजून व्हायचे आहे.

म्हणून रुग्णापर्यंत आधी पोचले ते पातळ काम. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेला 'मॅसी' हा गुडघ्याच्या कूर्चेवरचा उपचार घ्या: रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी डुकराच्या कोलॅजनच्या पातळ पडद्यावर वाढवतात आणि तो पडदा झिजलेल्या जागी बसवतात. कूर्चेत मुळातच रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिच्या पेशी कमी प्राणवायूवर भागवतात. त्या पडद्यावर दर चौरस सेंटीमीटरला ५ ते १० लाख पेशी असतात.