वाटेतली पहिली ओटी

अंबाजोगाईची योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांप्रमाणे आमचीही कुलदेवता. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "आधी आईची ओटी, तीही बारांच्या आत!"

बीडला मुक्काम करून सकाळी मोटार काढली. मांजरसुंबा, नेकनूर, केज मागं पडलं आणि टायर बसलं! स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. हे चाक घेऊन ट्रकनं केजला परतले. आम्ही लिंबाखाली. पोरं रडकुंडीला आलेली, सासूबाई गप्प.

तेवढ्यात शेतातली एक बाई आली. "उन्हात काहून बसलाव, माय? चला, भाकर खाऊन घ्या." ज्वारीची भाकरी, ठेचा आणि माठातलं पाणी!

परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघालेल्या देवीचाही मुहूर्त चुकला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, अशी कथा सांगतात. ती आठवून सासूबाई हसल्या, "आपल्याला निदान भाकरी तरी मिळाली!" पिशवीतला जादा खण काढून त्यांनी तिचीच ओटी आधी भरली.

देवळात पोचलो ते दिवेलागणीला.

भगिनींनो, निघण्यापूर्वी स्टेपनीची हवा जरूर तपासून घ्या. आणि एक खण जास्तीचा ठेवा!