दादाची फाइल उघडा

विंझरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यातलाच एखादा दादा मुदतीआधी घरी परततो. हातात मेडिकल बोर्डाचा कागद, त्यावर ‘स्किझोफ्रेनिया’. गावात कुजबुज, घरात चिडीचूप. तुम्ही कॉलेजात शिकताय ना? मग ती फाइल तुम्हीच उघडा.

शोधायची एकच ओळ: आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीने वाढलेलाही नाही. अपंगत्व पेन्शन अडते ती इथंच. पण या ओळीमागे कारण लिहिलंय का? वीरपाल सिंग 1972 मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले, 1977 मध्ये याच आजाराच्या शेऱ्यावर घरी आले. लष्करी न्यायाधिकरणात हरले. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र बोर्डाचं मत डोळे झाकून मानलं नाही, फेरतपासणीचा आदेश दिला. त्याच वर्षी धरमवीर सिंग खटल्यात कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं. (असले आजार ‘आनुवंशिक’ म्हणून झटकून टाकणं किती सोपं असतं!)

2023 मध्ये नियम बदललेत, म्हणून डिस्चार्जची तारीख आधी बघा. पहिलं अपील लष्कराकडेच. तिथं अंतिम नकार आला की सहा महिन्यांत मुंबईच्या न्यायाधिकरणात. वर्षं उलटून गेली असतील, तरी उशिराचं कारण मांडून अर्ज करता येतो. सुरुवात पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. जाताना दादालाही सोबत न्या.